नवाथ्यांचा जाळपट्टा

देवदत्त नवाथे जानेवारीत गेले, आणि जाताना घर असं ठेवून गेले की पाहणाऱ्याला वाटावं, गृहस्थ दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेलेत. चष्मा वर्तमानपत्रावर, वर्तमानपत्र खुर्चीवर, खुर्ची खिडकीकडे वळवलेली. बेसमेंटच्या जिन्यात बासमती तांदळाची रिकामी गोणपाटं घडी घालून रचलेली. एकेचाळीस. नीलिमाने मोजली.

नीलिमा त्यांची एकुलती एक मुलगी. वय चव्वेचाळीस, बर्नाबीला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरी. माणसं दुःखात काय काय करतात याविषयी तिने आयुष्यभर इतकं वाचलं होतं, की स्वतःची पाळी आल्यावर त्यातलं एकही तिला करावंसं वाटेना. रडणं तिने पुढे ढकललं होतं. आधी घर विकायचं, मग बघू. म्हणून एप्रिलच्या एका शुक्रवारी ती पहाटेच निघाली, कोकिहाला हायवेवरचा उरलासुरला बर्फ मागे टाकत दहाच्या सुमाराला केलोनाला पोचली, आणि बाह्या सरसावून कामाला लागली.

घर शहराच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीत. अडीच एकर जागा, पुढे लांबवर ओकानागन सरोवराची निळी पट्टी, मागे गवताचा उतार आणि त्याच्यावर पाइनची झाडी. सोमवारी ब्रेंडा नावाची एजंट फोटोग्राफरला घेऊन येणार होती. तिने फोनवर बजावून ठेवलं होतं, "घरातलं सगळं काढ, पण मागच्या उताराला हात लावू नकोस हं! ते सोनेरी गवत फोटोत इतकं गोड येतं. एकदम रस्टिक!"

तेव्हा नीलिमाने घरातलं काढायला घेतलं. पहिला नंबर गोणपाटांचा. जपून ठेवण्याचा हा रोग तिला लहानपणापासून ठाऊक होता. दुकानातून वीस पौंडांची बासमती आली की तांदळापेक्षा बाबांना पिशवीचा आनंद. तिने एकेचाळीस गोणपाटं चार फेऱ्यांत बाहेर नेली आणि रस्त्याकडेच्या मोठ्या निळ्या बिनमध्ये कोंबली. झाकण बसेना, म्हणून वर एक जुना टोस्टर ठेवला.

मग ती फ्रिजकडे वळली. फ्रिजवर सतरा मॅग्नेट, त्यातला एकही सरळ नाही. पिझ्झावाला, दातांचा डॉक्टर, मराठी मंडळाचं चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. त्या कॅलेंडरच्या मागे एक पिवळा कागद होता. मागल्या ऑक्टोबरात काढलेला, तीस एप्रिलपर्यंत चालणारा, गवत आणि पालापाचोळा जाळण्याचा परवाना. खाली देवदत्त नवाथ्यांची सही.

नीलिमाने कागद उलटा केला. मागे बाबांचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर होतं.

गोणपाटं आहेत.
नवी होज.
काड्या.
जगतारला सांगणे.
नीलिमाला विचारणे.

पहिल्या चार ओळींपुढे बरोबरची खूण होती.

ती फ्रिजला टेकून उभी राहिली. फ्रिज घरघरत होता आणि तिची पाठही त्याच्याबरोबर घरघरत होती. 'नीलिमाला विचारणे.' दर रविवारी सकाळी दहाला बाबांचा फोन यायचा. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत किमान बारा रविवार झाले. बारा वेळा त्यांनी हवा, सफरचंदं, गुडघा आणि कॅनडाचं राजकारण असा क्रम घेतला होता आणि बारा वेळा, "बरंय, ठेवतो," म्हटलं होतं.

यातलं 'विचारणे' काय होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

देवदत्त नवाथे मूळचे राजापूरजवळचे. घरची हापूसची कलमं. त्या बागेभोवती उन्हाळ्याच्या तोंडाला दहा-बारा हात रुंदीचं गवत आपल्या हाताने जाळून ठेवायची रीत होती. मग रानात वणवा उठला तरी पट्ट्यापाशी येऊन उपाशी परत जायचा. हे काम म्हणजे पोरांचा सण. ओली गोणपाटं आणि हिरवे टहाळे घेऊन आगीच्या दोन्ही अंगांना उभं राहायचं, जरा हातपाय पसरायला लागली की धोपटायचं.

पुढे देवदत्त शिकले, एकोणसत्तर साली कॅनडात आले, सरकारी खात्यात फळझाडांच्या रोगांवर काम करता करता निवृत्त झाले. पण हा डोंगरउतार विकत घेतल्यावर पहिल्याच वसंतात त्यांनी परवाना काढून घरामागे जाळपट्टा केला. नंतर दरवर्षी. उताराच्या माथ्यावर काडी लावायची, वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे आग म्हाताऱ्या माणसासारखी एकेक पाऊल टाकत खाली उतरते. "आग वर धावते, खाली चालते," ते सांगायचे. "आपल्याला चालणारी पाहिजे."

कुणी पाहुणा चुकून त्या विषयाला शिवला, तर त्याची धडगत नसे. "इथले मूळचे सायलिक्स लोक पिढ्यान्‌पिढ्या वसंतात गवत जाळत होते. मग गोऱ्यांनी कायदा केला. गेली ऐंशी वर्षं इथे प्रत्येक ठिणगी विझवली जाते. म्हणजे काय झालं? ऐंशी वर्षांचा पाचोळा शिल्लक! उद्या वीज पडेल आणि लोक म्हणतील विजेनं केलं. अहो, वीज काय, काडी आहे नुसती. सरपण कोणी रचलं?" पाहुण्याची भजी गार होऊन जात.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये देवदत्तांनी असाच पट्टा सुरू केला. आपल्या घरामागचा कोपरा झाला असेल नसेल, तेवढ्यात बर्नाबीला नीलिमाचा फोन वाजला.

"नीलू, तुझ्या बाबांना आवर!" सुहासिनी मावशी बोलत होत्या. नीलिमाच्या आईची मैत्रीण, शेजारच्याच प्लॉटवर राहणारी, त्या अख्ख्या डोंगरावरचं दुसरं मराठी घर. "माझी नारायणपेठ दोरीवर होती, तिला आता वांगं भाजल्यासारखा वास येतोय. आणि आमच्या ह्यांचा दमा वेगळाच. मी कशी सांगू त्यांना? तुझी आई असती तर गोष्ट वेगळी. तू सांग, तुझं ऐकतील."

नवाथ्यांचं आणि मावशींचं अंगण एकच, मध्ये जेमतेम कुंपण. पण तक्रार तीनशे नव्वद किलोमीटरचा फेरा घेऊन गेली. आपल्याकडची सभ्य माणसं अशीच भांडतात.

नीलिमाला त्या दिवशी ऑफिसात मीटिंग होती. तिने घाईघाईने फोन लावला. "बाबा, पुरे झालं हे. लोकांना त्रास होतो. हे राजापूर नाही."

मग बाबा म्हणाले, "बरं. नाही करणार."

आणि मग तो ऑगस्ट आला. उन्हाळाभर पावसाचा पत्ता नव्हता. सोळा तारखेच्या पहाटे दक्षिणेकडच्या डोंगरात, सरोवराकाठी वीज पडली. पहिले काही दिवस लोक संध्याकाळी खुर्च्या टाकून पलीकडचा धूर बघत बसले. बावीस तारखेच्या शुक्रवारी वारा उठला. तीसएक हजार माणसं घराबाहेर पडली आणि त्या आगीत दोनशेच्या वर घरं गेली. देवदत्तांनी मावशी आणि त्यांचे यजमान गुरुदत्त यांना आपल्या कोरोलात घातलं. मावशींनी घाईत लोणच्याच्या तीन बरण्या घेतल्या आणि पासपोर्ट विसरल्या.

आठवड्याने परत येऊन पाहतात, तर देवदत्तांचं घर उभं, कोपऱ्यातला जळका पट्टा जसाच्या तसा, आणि जिथे पट्टा व्हायचा राहिला होता तिथून पुढे काळा कोळसा. देवदत्तांची अवजारांची खोली, कुंपण, आणि मावशींचं सबंध घर.

पुढली नऊ वर्षं देवदत्तांनी उतारावर काडी लावली नाही. गवत वाढलं, पडलं, त्याच्यावर नवं वाढलं. नीलिमा दर वेळी आली की खिडकीतून ते पाहायची आणि पडदा ओढायची. "हे राजापूर नाही," हे वाक्य तिच्या आत एखाद्या पुस्तकातल्या खुणेसारखं राहिलं होतं. कुठूनही उघडा, तेच पान. ती बाबांना त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

आता परवाना तिच्या हातात होता आणि मुदत संपायला अठरा दिवस होते. बाबा विचारणार होते. उत्तर कुणाला द्यायचं?

"दार उघडं टाकून काय बसलीयस?" मागून आवाज आला. "आणि बाहेर बिनवर टोस्टर काय ठेवलायस? लोकांना वाटेल नवाथ्यांची पोर वेडी झाली."

सुहासिनी मावशी डबा घेऊन आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, अंगावर कॉटनची साडी, साडीवर फ्लीसचं जाकीट, पायात हायकिंगचे बूट. पूर्वी नर्स होत्या. गुरुदत्त जाऊन पाच वर्षं झाली, पण मावशींच्या आवाजाची पट्टी खाली आली नव्हती.

"मसालेभात आहे. खाऊन घे आधी. तुझ्या बाबांसारखी सुकशील."

नीलिमाने कागद पुढे केला. मावशींनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. पुढची बाजू वाचली, मागची वाचली. मग खुर्चीवरचं वर्तमानपत्र अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि बसल्या.

"विचारलं नाही तुला?"

"नाही."

"मलाही नाही बोलले. रोज चार वाजता चहाला यायचे हो! माझ्या चहाला नावं ठेवायला वेळ होता, हे सांगायला नव्हता."

नीलिमा खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय. दहा वर्षं झाली. तुमचं घर... बाबांना मीच थांबवलं होतं. मी तसं बोलले नसते, तर तुमच्यामागे पट्टा झाला असता."

"वा गं वा! आणि फोन कुणी केला होता तुला?"

"तो तुम्ही केलात. पण..."

"पण काय पण? साडी माझी, नाक माझं, फोन माझा. आणि घर जाळल्याचं श्रेय तू घेतेस?" मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला, पुसतच राहिल्या. "दहा वर्षं मी नवाथ्यांना चहा पाजला, साखर कमी, आलं जास्त. कशासाठी पाजत होते असं वाटतं तुला? म्हटलं, हा माणूस एक दिवस म्हणेल, सुहासिनीबाई, त्या दिवशी तुम्ही फोन केलात. एकदा म्हणाला असता तर सुटले असते. नाही म्हणाला शेवटपर्यंत."

"बाबांना माहीत होतं? फोन तुम्ही केल्याचं?"

"डोंगरावर दोन मराठी घरं. दुसऱ्या घरातून नाही तर काय ओटावाहून गेला असेल फोन?"

नीलिमाला हसू आलं. ती उठून मसालेभात गरम करायला गेली.

दोघी जेवल्या. जेवताना कोणी परवान्याकडे पाहिलं नाही. शेवटी मावशींनी ताट बाजूला सारलं. "त्यात लिहिलंय, जगतारला सांगणे. तिथे खूण आहे. म्हणजे त्याला सांगितलंय. उद्या त्याला बोलावू. तो त्या दिवशी इथेच होता बंबावर. एकदाचं विचारून घेऊ, पट्टा असता तर काय झालं असतं."

"आणि तो म्हणाला, घर वाचलं असतं, तर?"

"तर तू अर्धं घे, मी अर्धं घेते. मी एकटीने पुष्कळ ओढलं."

जगतार गिल शनिवारी सकाळी आला. खालच्या अंगाला त्याची चेरीची बाग होती, आणि गरज पडेल तेव्हा तो स्वयंसेवक म्हणून आगीच्या बंबावर जायचा. पन्नाशीचा, धिप्पाड, डोक्यावर गर्द निळी पगडी. येताना पाण्याची एक नवीकोरी लांब होज खांद्यावर टाकून आला. "ये अंकल ने मंगवाई थी," तो म्हणाला. "मेरे ट्रक में ही रह गई."

तिघं मागच्या उतारावर गेली. जगतारने बुटाने गवत दाबून पाहिलं. बूट घोट्यापर्यंत आत गेला. "देखो जी. गद्दा है, गद्दा! इस पे तो सो जाओ."

नीलिमाने रात्रभर वाक्य तयार केलं होतं, चांगलं बांधेसूद, दोन्ही शक्यतांना जागा ठेवणारं. प्रत्यक्षात ती म्हणाली, "जगतारजी, दो हजार तीन में ये पट्टी जली होती, तो मौसी का घर बचता?"

जगतारने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मावशींनी पदर खोचला होता, जणू इंजेक्शन घ्यायला उभ्या आहेत.

"नहीं," तो म्हणाला.

"सोच के बोलो."

"सोचना क्या है, आंटी? मैं खड़ा था ना यहाँ, सड़क पे." त्याने वर कड्याकडे हात केला. "आग अभी रिज के पीछे थी. उधर से अंगारे उड़ के आ रहे थे, इतने-इतने, हथेली जैसे. लकड़ी के, छाल के. हवा ऐसी कि बंदा खड़ा ना रह सके. आपकी छत पे गिरे. छत पहले जली, जी. घास बाद में. पट्टी आप सौ फुट की भी बना लेते, अंगारा तो ऊपर से जाता है."

"छत?" मावशी म्हणाल्या.

"सीडर की थी ना. लकड़ी की खपरैल. सूखी, माचिस के माफिक. अंकल की टीन की थी. गिरे और फिसल गए."

मावशी त्या काळी देवदत्तांच्या पत्र्याच्या छपराला 'गोठा' म्हणत. मंडळाच्या कोजागिरीला सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. आता त्या आपल्या नव्या घराकडे बघत होत्या. नवं छप्पर पत्र्याचं होतं.

"म्हणजे माझी साडी नाही, माझं छप्पर," त्या सावकाश म्हणाल्या. "ह्यांनीच हट्ट धरला होता सीडरचा. म्हणे, स्वित्झर्लंडसारखं दिसतं! आता गेलेल्या माणसाशी भांडू कशी मी?" आणि जराशाने, "तरी घरी जाऊन फोटोपुढे बोलणार आहेच."

नीलिमाला मात्र अजून सुटका नको होती. लायब्ररीत काम करणाऱ्यांना अर्धवट उत्तर चालत नाही. "तो पट्टी का कोई फायदा नहीं होता?"

"होता, क्यूँ नहीं होता? बाद में ज़मीन वाली आग आई, घास-घास चल के. अंकल का शेड बचता. फेन्स बचती. ऊपर के दस-बारा पेड़ बचते. और हम लोगों को खड़े होने की जगह मिलती. छोटी चीज़ नहीं है वो. लेकिन घर नहीं बचता, बहनजी. मैं झूठ काहे बोलूँ?"

"दस साल में बताया क्यूँ नहीं?"

जगतारने पगडीवर हात ठेवला. त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. "किसी ने पूछा ही नहीं!"

वारा थोडा सुटला आणि सगळं गवत एका अंगाला झुकलं. नीलिमाने विचारलं, "बाबांनी? अंकल ने भी नहीं पूछा?"

"अंकल तो जानते थे. दूसरे हफ्ते आए, छत के कीले देखे, राख देखी, मेरे से पहले समझ गए. उन्होंने बस एक बात पूछी, पिछले साल, यहीं खड़े हो के. बोले, जगतार, इतने साल छोड़ दिया, अब शुरू करें तो देर तो नहीं हुई?"

"आप क्या बोले?"

"मैं बोला, अंकल, देर तो हुई है. इसलिए जल्दी करो."

मावशी फस्‌कन हसल्या. नीलिमा हसली नाही. ती मनात नऊ वसंत मोजत होती. बाबांना माहीत होतं, घर पट्ट्याने वाचलं नसतं. पण मुलगी त्यासाठी स्वतःला दोष देते, हे त्यांना कुठून कळणार? तिने कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी फक्त दिलेला शब्द पाळला, कारण तो तिला दिला होता. ती पडदा ओढत राहिली, ते गवत वाढू देत राहिले, दोघंही एकमेकांचा मान राखत. शेवटी बाबांनीच हार मानली आणि कागदावर लिहिलं: विचारणे. बारा रविवार त्यांना ते जमलं नाही.

"सोमवारी ब्रेंडा येणार आहे," नीलिमा म्हणाली. "तिला सोनेरी गवत हवंय."

"तिचं घर आहे का?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"मग?"

नीलिमाने जगतारकडे पाहिलं. "कल हो सकता है?"

"सुबह फोन सुन लेना. धुआँ ऊपर जाने वाला दिन होगा, तभी. अंकल को नंबर ज़बानी याद था."

नंबर फ्रिजवर होता, पिझ्झावाल्याच्या मॅग्नेटखाली.

रविवारी सकाळी सातला नीलिमाने तो फिरवला. एक कंटाळलेला रेकॉर्डेड आवाज म्हणाला, आज धूर वर जाईल, जाळायला हरकत नाही. तिने फोन ठेवला आणि दुसऱ्या क्षणी तिला आठवलं. गोणपाटं!

ती तशीच चपला घालून रस्त्यावर धावली. निळी बिन जागेवर होती, टोस्टरसकट. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते, हे ती विसरली होती. तिने बिन आडवी पाडली आणि आत अर्धी शिरून गोणपाटं ओढायला लागली.

कुत्रा फिरवणारा एक शेजारी थांबला. "ऑल गुड?"

"ऑल गुड," नीलिमा बिनमधून म्हणाली. "माझ्या वडिलांची आहेत."

आठला तिघं उतारावर हजर झाली. जगतारने आदल्या दिवशीच वरच्या अंगाला फावड्याने माती उघडी करून रेघ मारून ठेवली होती. नवी होज जोडली, मागच्या नळाला पाणी पुरेसं आहे ना पाहिलं, बादल्यांत गोणपाटं भिजत घातली. भिजलेल्या तागाचा वास आला आणि नीलिमाला आठवलं, आपण सहा वर्षांच्या असताना एकदा बाबांनी आपल्या हातातही असलंच एक ओलं गोणपाट दिलं होतं. कुठल्याशा मित्राच्या शेतावर. इतकं जड की ते तिच्याने उचललंच गेलं नव्हतं.

"तू लाव," मावशी म्हणाल्या आणि काडेपेटी पुढे केली.

"जगतारजी लावतील. त्यांना सवय आहे."

"परवान्यावर नाव नवाथे आहे ना?"

"नाव बाबांचं आहे, मावशी."

"ऑफिस में मैंने बात कर ली है," जगतार म्हणाला. "बोले, घर बेटी का है, परमिट भी चलेगा. चलो जी, हवा अच्छी है."

नीलिमा माथ्यावर जाऊन गुडघ्यावर बसली. पहिली काडी विझली. दुसरी तिने हाताच्या आडोशात धरली. गवताच्या एका पात्याने ती घेतली, त्याने शेजारच्याला दिली. मग एक छोटी केशरी ओळ तयार झाली आणि वाऱ्याकडे तोंड करून, विचार करत करत खाली उतरू लागली. एक पाऊल. थांबा. दुसरं पाऊल.

"बघा, चालतेय," नीलिमा म्हणाली. "धावत नाही."

"तुझे बाबा असते तर आता लेक्चर सुरू झालं असतं," मावशी म्हणाल्या.

"सायलिक्स लोक पिढ्यान्‌पिढ्या..."

"ऐंशी वर्षांचा पाचोळा..."

"वीज काय, काडी आहे नुसती!" शेवटचं वाक्य दोघी एकदमच म्हणाल्या. जगतारने मान वळवून पाहिलं. त्याला मराठी कळत नव्हतं, पण हे भाषण त्याने इंग्रजीतून ऐकलेलं असावं. तोही हसला.

पुढचे तीन तास बोलायला सवड नव्हती. डावीकडे आग जरा आगाऊपणा करायला लागली की नीलिमा धावायची, गोणपाट फाडकन आपटायची, पाण्याचे शिंतोडे आणि राख तोंडावर उडायची. मावशी उजवी बाजू सांभाळत होत्या. त्यांची धोपटायची तऱ्हा अशी होती, की आगीने आजन्म लक्षात ठेवावी. "ये इकडे, ये! माझं घर खाल्लंस ना? ये!" मध्येच त्यांना आठवण झाली, "नाही, ती तू नव्हेस. तू बरी आहेस," आणि जरा हलक्या हाताने मारायला लागल्या. जगतार होज घेऊन खालच्या अंगाला उभा होता.

अकराच्या सुमाराला आग पायथ्याला त्याने भिजवून ठेवलेल्या पट्टीशी आली, इकडेतिकडे पाहिलं आणि विझून गेली. उतारावर बारा हात रुंदीचा काळा पट्टा पडला. नवाथ्यांच्या कोपऱ्यापासून थेट मावशींच्या कुंपणापर्यंत, सलग.

नीलिमा गोणपाट टाकून त्याच्यावरच बसली. तिचं तोंड काळं झालं होतं, भुवया भाजल्या होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि धूर तर केव्हाच वर गेला होता. ते थांबेना. तिने थांबवलंही नाही. मावशींनी जवळ येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला राख लागलेली होती, डोक्यालाही.

बऱ्याच वेळाने नीलिमाने नाक पुसलं आणि समोर पाहिलं. कुंपणापलीकडे मावशींच्या अंगणात दोरी ताणलेली होती आणि दोरीवर चार साड्या वाऱ्यावर हलत होत्या. एक निळी, दोन पांढऱ्या कॉटनच्या. चौथी नारायणपेठ.

ती ताडकन उठली. "अहो मावशी, साड्या! सकाळपासून बाहेर आहेत! सगळ्यांना धुराचा वास लागला असेल."

"लागला असेलच," मावशी बुटातली राख झटकत म्हणाल्या. "मुद्दाम सहाला उठून घातल्यात."

दुसऱ्या दिवशी ब्रेंडा आली, मागच्या दारातून उतार पाहिला आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. "ओ माय गॉड! काय झालं इथे?"

नीलिमा तिला चहा ओतून देत होती. साखर कमी, आलं जास्त.

"काही झालं नाही," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी विचारलं होतं, पट्टा करू का म्हणून. मी हो म्हटलं."